सरूबाईची चाल

सरूबाई माळीण पाठ टेकून बसलेली मी एक दुपार सोडली तर कधी पाहिली नाही, आणि तिला दोन-सव्वादोन महिने पाठीवर निजवून ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी तेव्हा अकोल्याच्या इस्पितळात नर्स होते. अमरावतीला शिकले, परीक्षा झाली आणि पहिलीच नेमणूक अकोल्याला. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेला. नेमणुकीचे, बदलीचे कागद नागपूरकडून यायचे आणि कागद आला की ट्रंक उचलायची, एवढंच आपल्या हाती. मी नवी होते, कडक होते, आणि बायकांचा वॉर्ड शिस्तीत चालला पाहिजे याचं मला वेड होतं. त्या वॉर्डात एका सकाळी सरूबाई आली.

आली म्हणजे चालत आली. बाळापूरच्या लारीतून उतरली ती टांगा न करता, हातातल्या काठीवर झुलत, थेट इस्पितळाच्या ओसरीवर. उंच, काटक, चाळिशीच्या आतली बाई. लुगड्याचा काष्टा घट्ट. उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं आखूड झालेला, त्यामुळे प्रत्येक पावलाला अख्खं अंग एका बाजूला कलंडायचं आणि ती ते कमरेच्या झटक्यानं सावरून घ्यायची. मागून तिचा नवरा गणपतराव गाठोडं घेऊन धापा टाकत येत होता. धड पायांचा माणूस मागे आणि लंगडी बाई पुढे, हे मला अजून तसंच्या तसं दिसतं.

दीड वर्षापूर्वी खरबुजांनी भरलेली त्यांची बैलगाडी नदीच्या उतरणीवर उलटली होती. बाळापूरला नदीच्या वाळूत या लोकांच्या वाड्या असतात. पाणी ओसरलं की वाळूत खड्डे करून डांगरं, खरबुजं, काकड्या लावायच्या आणि उन्हाळाभर विकायच्या. गाडीचं चाक सरूबाईच्या मांडीवर आलं. गावातल्या जाणत्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं.

डॉक्टरसाहेबांनी पाय तपासला तेव्हा ती म्हणाली, "हा पाय सरळ करून द्या साहेब, नाई तं कापून टाका. ह्या अर्ध्या पायानं माहा जीव खाल्ला."

साहेबांनी तिला समजावलं. मांडीचं हाड पुन्हा मोडावं लागेल. भूल देऊन मांडी उघडायची, हाड सरळ करायचं, मग पायाला वजन लावून खूप दिवस ताणून ठेवायचं. त्यातूनही पाय बरोबर होईलच असं नाही. गणपतराव ऐकता ऐकताच खाली बसला.

"मोडा ना मंग," सरूबाई म्हणाली. "पयले बी मोडलाच होता. तवा मले कोनी इचारलं होतं?"

शस्त्रक्रिया झाली. क्लोरोफॉर्मच्या गुंगीतही ती कोणाला तरी "उठ व, काहून बसली?" म्हणून रागवत होती. शुद्धीवर आली तेव्हा खाटेचा पायथा विटांवर उचललेला, पायाला पट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी खाटेच्या टोकाच्या कप्पीवरून खाली गेलेली आणि तिच्या शेवटी वाळूची पिशवी लोंबकळत असलेली. तिनं मान उचलून हे सगळं नीट पाहून घेतलं.

"अवो नरसबाई, माह्या पायाची तं मोट केली तुमी! आता बैल कुठी हाय?"

वॉर्ड हसला. मीही हसले. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती.

तिला स्वस्थता म्हणून माहीत नव्हती. घरी ती जेवायचीसुद्धा उभ्यानं, असं तिची लेक यमुना सांगायची. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात चटणी, आणि नजर वाडीत कोण काय करतंय त्याच्यावर. कोणी बसलेलं दिसलं की तिच्या तोंडून आपोआप यायचं, "काहून बसली?" आता तीच निजलेली. मग तिनं निजल्या निजल्या अख्खा वॉर्ड चालवायला घेतला. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीला ताक कधी द्यायचं, पलीकडच्या बाळंतिणीनं मूल कसं धरायचं, आया काशीनं केर कोणत्या कोपऱ्यात सोडला, हे सगळं तिथून. मी जवळून गेले की माझा पदर धरायची.

"नरसबाई, काही काम दे. हात तं मोडले नाईत माहे."

मी तिच्यापुढे धुतलेल्या पट्ट्यांचा ढीग टाकला. तेव्हा पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा गुंडाळायच्या. ती त्या इतक्या घट्ट गुंडाळायची की जखम बांधताना आम्हाला त्या सोडवायला वेळ लागे. आठवडाभराचा ढीग तिनं एका दुपारी संपवला आणि म्हणाली, "आता?"

पाचव्या आठवड्यात एका पहाटे मी फेरीला गेले तर वाळूची पिशवी जमिनीवर. पट्ट्या सैल. सरूबाई डाव्या कुशीवर वळलेली, गालाखाली हात घेतलेला, आणि गाढ झोपलेली. इतकी शांत ती मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मी तिला उठवलं तेव्हा माझा आवाज चढला होता.

"काय केलंत हे सरूबाई? हाड सरकलं असेल तर?"

तिनं डोळे उघडले. काय केलं ते तिला कळत होतं.

"एक डाव कुशीवर वळली मी बाई," ती म्हणाली. "बस. एकच डाव."

डॉक्टरसाहेब आले. त्यांनी पाय मोजला, पट्ट्या पुन्हा बांधल्या आणि आणखी तीन आठवडे वाढवले. ते तिला रागे भरले नाहीत. ते गेल्यावर तिनं बोटांवर हिशेब केला. दसरा आला होता, दिवाळीनंतर वाळूत खड्डे पडतात, बी पडतं. इतकी वर्षं तिच्या हातानं पडलेलं बी यंदा तिच्याशिवाय पडणार होतं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पण अंग फिरवता येत नव्हतं, म्हणून रडणं सगळ्या वॉर्डाला दिसलं. त्या वॉर्डात रडायला आडोसा नव्हता. त्या तीन आठवड्यांत तिनं पिशवीला हात लावला नाही. फक्त चांगल्या पायाचा अंगठा दिवसभर हलत असे, कोणीतरी बांधलेलं जनावर शेपूट हलवत राहतं तसा.

मग प्लास्टर आलं, मग प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो तिला ओळखू येईना. बारीक, पांढुरका, कातडी सुटलेली, गुडघा लाकडासारखा. लांबी मात्र जवळजवळ बरोबर झाली होती, अर्ध्या बोटाचा फरक. साहेब खूश होते. सरूबाई त्या पायाकडे पाहत राहिली. मग वाकून त्यालाच म्हणाली, "काय बापा, कुठी होता?"

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, ही बाई उभी राहिली की पळत सुटेल. तसं झालं नाही. इथूनच खरं अवघड सुरू झालं.

आधी कुबड्या. त्यांना ती 'घोडे' म्हणायची आणि रोज शिव्या द्यायची. मग काठी. गुडघा हळूहळू वाकायला लागला, मांडीत ताकद आली, काठीसुद्धा जवळजवळ नावालाच राहिली. पण चालणं म्हणून जे असतं ते येईना. ती खाली पायांकडे पाहायची. उजवा पाय उचलायची, पुढे नेऊन ठेवायची, ठेवला की थांबायची, नीट ठेवला आहे ना याची खात्री करायची, मग डावा. खांदे आवळलेले, हात अंगाला चिकटलेले, श्वास रोखलेला. दीड वर्ष ती ज्या झटक्यानं तोल सावरायची, तो कमरेचा झटकाही आता गरज नसताना मध्येच यायचा. पाय सरळ झाला होता, पण अंगाला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेब म्हणायचे, "सरूबाई, सहज चाला. पूर्वी चालत होतात तसं."

"तेच तं आठवत नाई साहेब," ती म्हणायची. "मी कशी चालत होती ते मी कधी पाह्यलंच नाई."

एकदा ओसरीवर तिनं मला थांबवलं. "नरसबाई, तू कशी चालतं? सांग बरं. पयले टाच का पयले पंजा?"

मी म्हटलं, "पहिले टाच. बहुतेक."

"बहुतेक काय व? शिकून आली ना तू अमरावतीले? चालून दाखव. हळू."

मी चालून दाखवायला लागले. टाच, मग तळवा, मग बोटं. गुडघा किती वाकतो? हात कोणत्या पायाबरोबर पुढे जातो? चौथ्या पावलाला माझा उजवा हात आणि उजवा पाय एकदमच पुढे गेले, मी अडखळले आणि खांबाला धरून उभी राहिले. काशी आया हातातली बादली खाली ठेवून हसत सुटली. सरूबाई मात्र हसली नाही.

"पाह्य," ती म्हणाली. "तुले बी नाई येत."

त्या दिवसापासून मी तिला चालण्याबद्दल उपदेश करणं सोडून दिलं. पण तिची तगमग वाढत गेली. सकाळी उठली की ओसरीचं हे टोक ते ते टोक. दुपारी सगळ्या बायका लवंडल्या की पुन्हा. फरशीचे सांधे मोजत, ओठ हलवत. पडली तर हाताचा आधार न घेता उठायचं असा हट्ट. तिच्या काठीचा आवाज माझ्या डोक्यात बसला. खोलीवर जाऊन जेवायला बसले तरी तो येत राहायचा. एकदा मी तिला ओरडून सांगितलं, "बसा हो जरा, सरूबाई!" ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसली तं उठनार नाई मी." आणि पुन्हा सुरू.

अशात एका रविवारी गणपतराव आला. मऊ स्वभावाचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं बायकोचं ओसरीवरचं चालणं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पोत्यात गुंडाळून आणलेली वस्तू बाहेर काढली. सागवानी पाट होता. चार ठेंगणे पाय, टेकायला मागे फळी, कडेला कोरलेली वेल. त्यानं स्वतः केला होता.

"यमुनेची माय," तो म्हणाला, "लय हाल झाले तुये. आता घरीच राह्य. ह्याच्यावर बस, फुलाचे हार ओवत जाय. बाजाराचं माही वहिनी पाह्यते. वाडीतलं मी पाह्यतो. तुले कोनी काही म्हननार नाई."

त्यात एक शब्दही वाकडा नव्हता. सरूबाईनं पाटावरच्या वेलीवरून बोट फिरवलं. "चांगला केला," म्हणाली. आणि त्याच्यावर बसली.

तो गेला तरी ती बसूनच होती. ऊन ओसरीवरून सरकत भिंतीवर चढलं. कोणी काही विचारलं तर ती मान हलवायची. पट्ट्यांचा ढीग तिच्याजवळ तसाच पडून राहिला. इतके दिवस मी देवाकडे मागत होते की ह्या बाईला एक तास तरी गप्प बसू दे, आणि आता ती बसली होती तर मीच काहीतरी निमित्त काढून पुन्हा पुन्हा ओसरीवर जात होते. समोरची म्हातारी खाटेवरून उठून तिच्याजवळ आली आणि भीत भीत म्हणाली, "सरू, काहून बसली व?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी भाजीची टोपली उतरली होती. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, फाटकापासून चांगलं लांब. काशी ती उचलायला चालली होती. तोच सरूबाई काठी टेकत तिथे पोचली. मागून मी.

"काशे, थांब," ती म्हणाली. "माह्या डोक्यावर दे."

"वेड लागलं का तुम्हाला?" मी म्हटलं. "साहेबांनी ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलंय. पाय परत मोडला तर?"

"मोडला तं मोडला. मले त्या पाटावर मरायचं नाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आयक बाई. खाली पाह्यलं का मले चालता येत नाई. अन पाह्यल्याबिगर राह्यवत नाई. डोक्यावर टोपली असली का मान खाली जातेच कुठी? आठव्या वर्षापासून डोक्यावर टोपली हाय माह्या. बिगर टोपलीची मी चाललीच कवा?"

मला आजही सांगता येणार नाही की मी हो का म्हटलं. नियमाप्रमाणे ते चूक होतं. तिचा पाय गेला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं? पण आदल्या दिवशीची ती बसलेली बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी टोपलीतली अर्ध्याहून अधिक वांगी काशीच्या ओच्यात काढली. सरूबाईनं पदराचा पिळा करून चुंबळ डोक्यावर ठेवली. आम्ही दोघींनी टोपली तिच्यावर चढवली. तिनं काठी माझ्याकडे दिली.

पहिली चार पावलं भयंकर होती. पाय थरथरत होता. मी दोन्ही हात पसरून तिच्या बाजूनं, काशी दुसऱ्या बाजूनं, अशी आमची वरात. तिची मान ताठ होती. डोळे खाली जाऊ पाहायचे आणि जाता येत नव्हतं म्हणून समोरच्या कडुनिंबावर लागून राहायचे. ती घामानं भिजली होती. अंगणाच्या मध्यावर तिनं हात वर करून टोपलीतली मेथीची जुडी चाचपली.

"हे काय व काशे?" ती म्हणाली. "मेथी शिळी हाय. कोन आनते ही?"

"रोजचाच माळी आनते," काशी म्हणाली.

"रोजचाच? अन तुमी घेता? पानं पाह्य, पिवळी झाली. बिमार बायांले ही भाजी घालता? कुठी गेला तो सैपाकी? बलाव त्याले! आमच्या वाडीतून कोनी अशी मेथी धाडली असती तं..."

ती बोलत राहिली आणि आम्ही बाजूनं चालत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की मला भराभर चालावं लागतंय. तिचा डावा हात टोपलीला होता आणि उजवा मोकळा हात झुलत होता, पायांच्या तालात. कंबर सैल. टाच आधी पडत होती. मी काशीकडे पाहिलं, काशीनं माझ्याकडे. आम्ही दोघीही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तिला आठवलं असतं. ती स्वयंपाकघराच्या पायऱ्यांपर्यंत तशीच गेली आणि तिथे स्वयंपाक्याला जे काही सुनावलं ते मी लिहीत नाही.

ओसरीवरून डॉक्टरसाहेबांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि असं फैलावर घेतलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परवानगीशिवाय हे परत झालं तर रवानगी परत शिकायला अमरावतीला, असं म्हणाले. मग थोडा वेळ कागद चाळत राहिले.

"किती वजन होतं?" त्यांनी विचारलं.

"अर्धी टोपली, साहेब."

"उद्यापासून माझ्यासमोर. आणि आधी रिकामी टोपली."

हे वाचायला सोपं वाटतं तसं झालं नाही. टोपली उतरवली की चाल जायची. डोळे खाली, खांदे वर, पुन्हा तेच मोजणं. टोपलीखाली एक बाई आणि टोपलीशिवाय दुसरी. ती चिडायची, टोपली आपटायची, कधी कधी दोन दिवस ओसरीवर यायचीच नाही. रिकामी टोपली घेऊन इस्पितळाभोवती फेऱ्या मारणारी बाई पाहून बाहेरची माणसं तिला वेडी समजायची. पण कुठेतरी, एखाद्या वळणावर, कोणाशी तरी भांडताना किंवा म्हातारीला हाक मारताना, टोपली खाली ठेवल्यावरही चार पावलं बरोबर पडायची. मग आठ. कोणत्या दिवशी ती सगळीच बरोबर पडायला लागली ते मी सांगू शकत नाही. माझ्या नोंदवहीत त्या दिवसाची नोंद नाही. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

ती घरी गेली तेव्हा वाडीतली पहिली खरबुजं पिकत होती. गणपतराव गाडी घेऊन आला होता. तिनं पाट समोरच्या म्हातारीला देऊन टाकला. गणपतराव थोडा हिरमुसला, पण तिला चालताना पाहून त्याचा चेहरा फुलला. "बरं झालं," एवढंच म्हणाला. मी फाटकापर्यंत गेले. निरोपाचं काही ती बोलली नाही. "मेथीवर ध्यान ठेव," म्हणाली आणि बैलांच्याही पुढे चालायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या बदलीचा कागद आला आणि मी अमरावतीला परतले. तीन वर्षं झाली असतील. कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत पटकी पसरू नये म्हणून लस टोचायला आमची तुकडी पाठवली होती. वर्धेच्या काठावर आमचं टेबल. समोर रांग, रांगेत पोरं रडताहेत, बाया पळून जाताहेत. दुपारच्या सुमारास कोणीतरी माझं मनगट पकडलं.

"नरसबाई! काहून बसली?"

सरूबाई. अंगानं थोडी भरलेली, कपाळावर रुंद कुंकू. यमुनेला इकडच्याच गावात दिली होती. यमुनेच्या सासूचा गुडघा धरला होता, म्हणून तिला यात्रेला आणायला सरूबाई बाळापुराहून आली होती. एका दमात तिनं हे सांगितलं. लस टोचून घेताना हाताकडे पाहिलंसुद्धा नाही, रांगेत घुसणाऱ्या एका बाप्याला दरडावत होती.

मी विचारलं, "पाय कसा आहे, सरूबाई?"

"कोनाचा?" ती म्हणाली. "इहीनबाईचा? सुजला हाय. तेल लावून रायली मी रोज."

मी काही बोलणार तोच घाटाकडून यमुनेनं हाक मारली. "आली, आली!" म्हणत ती वळली. घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या, उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची गर्दी होती. ती गर्दीतून वाट काढत, दोघातिघांना कोपरानं बाजूला सारत खाली उतरत गेली. तळाशी एक जाडजूड बाई पायरीवर बसून होती. सरूबाईनं तिच्या बगलेत हात घातला आणि तिला उभं केलं. मग दोघी पाण्याकडे गेल्या. माझ्यापुढे तोवर दुसरा हात आला होता.